गादी तिसऱ्यांदा उसवली

धाकट्या जोडप्याची गादी तिसऱ्यांदा जिन्यावरून खाली आली, तेव्हा कोणी काही बोललं नाही. पहिल्या वेळी थट्टा झाली होती, दुसऱ्या वेळी कुजबुज. आता थट्टेतली गंमत संपली होती आणि कुजबुजायला आडोसा नव्हता, कारण घराखालच्या गाद्यांच्या कारखान्याला सुट्टी होती आणि अख्खं घर खालीच जमलं होतं.

झालं होतं एवढंच, की सकाळी शटर उघडायला बाबा खाली उतरले, तर धाकटा मुलगा कापसाच्या गासड्यांवर अंगाचं मुटकुळं करून झोपलेला. केसांत कापूस, गालावर सुतळीचा वळ. वर खोलीत बायको होती, नुकतंच पालथं पडायला शिकलेलं बाळ होतं आणि लग्नात भरलेली, मऊसूत गादी होती. एवढं सगळं सोडून माणूस गासडीवर झोपतो, याचा बाबांच्या लेखी एकच अर्थ होता.

"गाठी झाल्यात गादीत," ते म्हणाले. "काढा खाली."

"बाबा, गादी बरी आहे हो," धाकटा डोळे चोळत म्हणाला.

"माणूस झोपत नसेल तर दोष गादीचा. माणसाला दोष द्यायचा नाही, गिऱ्हाईक तुटतं." हे वाक्य त्यांनी जन्मभर गिऱ्हाइकांना ऐकवलं होतं. इतकं ऐकवलं, की शेवटी ते त्यांना स्वतःलाच पटलं. पहिल्या वेळी त्यांनी कापूस पुन्हा पिंजला, दुसऱ्या वेळी खोळ बदलली. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, हे घरातल्या एकदोघांना कळत होतं. पण म्हशीचं नाव घेणार कोण?

गाद्यांबाबत या घराची एक पद्धत होती. कुठल्याही जोडप्याची गादी त्या जोडप्यानेच शिवायची. कापूस भरून झाला, की गादी लाकडी घोडीला टेकवून कडेवर उभी करायची. एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला बायको. एकाने हातभर लांब दाभण आरपार घालायचं, दुसऱ्याने ते पलीकडून ओढून घ्यायचं आणि चार बोटं सोडून परत पाठवायचं. मध्ये गादी, त्यामुळे एकमेकांचं तोंड दिसत नाही. दोऱ्याला ताण किती आहे तेवढं कळतं. एकट्यानेही शिवता येते, नाही असं नाही. पण मग टाक्याटाक्याला गादीला वळसा घालून पलीकडे जावं लागतं आणि पुन्हा अलीकडे यावं लागतं.

दुपारपर्यंत खोळ उसवून झाली. कापसाचा ढीग मध्ये, आणि भोवती माणसं. बाबा मूठ मूठ कापूस उजेडाला धरून गाठ शोधत होते. सासूबाई, म्हणजे घरादाराची आई, गासड्यांपलीकडे बसून दोऱ्याला मेण लावत होत्या. थोरली सून पोरांना दटावत होती. तिचा नवरा वसतिगृहाच्या गाद्या पोचवायला गेला होता. आणि स्टुलावर आत्या बसली होती. आत्या म्हणजे बाबांची बहीण. शाळेत मुख्याध्यापिका होती. निवृत्त झाली ती शाळेतून, स्वभावातून नाही.

"एवढ्याएवढ्याला गादी उसवायची," आत्या म्हणाली, "तर मग हिलाही विचारा ना, नवरा खाली का झोपतो ते."

हिला म्हणजे धाकट्या सुनेला. ती कोपऱ्यात बसून जुन्या खोळीचे धागे काढत होती. तिने मान वर केली नाही.

"आत्या, तिचा काही संबंध नाही," धाकटा घाईघाईने म्हणाला. मग, विषय बदलायचा म्हणून की कधीचं मनात होतं म्हणून कोण जाणे, तो म्हणाला, "बाबा, नव्या दुकानावर मी जातो. दादाला इथेच राहू दे."

नवं दुकान दुसऱ्या शहरात होतं. तिथे वर्षभर घरचं कोणीतरी राहणं भाग होतं आणि थोरल्याचं जाणं जवळजवळ ठरलं होतं. थोरलीने पोराच्या हातातली कात्री काढून घेतली आणि न कळत सुटकेचा श्वास सोडला. तिच्या मनात पहिलं आलं ते हेच, की देव पावला. दुसरं आलं ते धाकट्या जावेच्या चेहऱ्याकडे पाहिल्यावर. त्या चेहऱ्यावरून दिसत होतं, की हे ती आत्ता पहिल्यांदाच ऐकत होती.

"तिला विचारलंस?" गासड्यांपलीकडून आईंनी विचारलं.

"तिची काय हरकत असणार," धाकटा कापसाकडे बघत म्हणाला. "तिलाही जरा मोकळं वाटेल."

धाकटी उठली. "बाळ उठलं वाटतं," असं म्हणून ती जिना चढून वर गेली. बाळ उठलं नव्हतं, हे खाली सगळ्यांना ऐकू येत होतं.

*

थोरली वर आली तेव्हा धाकटी नुसत्या पलंगाच्या फळ्यांवर बसली होती. गादी नसलेला पलंग फार उघडा दिसतो. बाळ पाळण्यात झोपलेलं होतं.

"रडून घे," थोरली शेजारी बसत म्हणाली. "मग बोल. दोन्ही एकदम केलंस तर मला काही कळायचं नाही."

धाकटी रडता रडता हसली, आणि मग पुन्हा रडली. थोरलीने घाई केली नाही. खाली पिंजणयंत्र सुरू झालं. त्याच्या घरघरीत इथलं बोलणं खाली जाणार नव्हतं.

"तुमचं भांडण झालंय का?"

"नाही हो वहिनी. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं."

"मग?"

धाकटीने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "दुखतं," ती शेवटी म्हणाली.

"कुठे?"

धाकटीने नुसतं बघितलं. थोरलीला कळलं.

"हा जवळ आला की. दोनदा प्रयत्न केला आम्ही. इतकं दुखलं, जसं काही बाळंतपणातले टाके परत उसवले. दुसऱ्यांदा मी ओठ चावून गप्प राहिले, तर ह्याला कळलंच, तो लगेच बाजूला झाला. तेव्हापासून त्याने नुसता खांद्यावर हात ठेवला तरी माझं अंग आक्रसतं. मी मुद्दाम करत नाही. आपोआप होतं. आणि त्याला वाटतं..." ती थांबली. "काय वाटतं ते तुम्ही ऐकलंतच आत्ता."

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं होतं ना. तपासणीला गेले तेव्हा. टाके कसे आहेत, कुठे दुखतं का, जवळ येता का. सगळं नीट विचारलं. पण सोबत आई होत्या. टाक्यांचं आई म्हणाल्या, 'छान सुकले.' दुखण्याचं आई म्हणाल्या, 'काही नाही.' आणि जवळ येण्याचं..."

"आई काय म्हणाल्या?"

"'आमच्याकडे कोणाला घाई नाही.'"

थोरलीने तोंडाला पदर लावला. हसू तिला आवरत नव्हतं आणि हसायची ही वेळ नव्हती. पण धाकटीलाच हसू फुटलं, आणि मग दोघी जावा त्या उघड्या पलंगावर बसून खिदळल्या, ते अगदी बाळ चुळबुळेपर्यंत.

"अगं, मला पण दुखायचं," थोरली डोळे पुसत म्हणाली. "मोठ्याच्या वेळी. मला वाटलं, संपलं आता, विशीतच म्हातारी झाले. मग एकटीच गेले डॉक्टरांकडे. त्या म्हणाल्या, पाजणारीचं अंग आतून कोरडं पडतं. त्यात टाक्याची जागा ताठ. त्यात आपण भीतीने आवळून घेतो. मग दुखेल नाही तर काय? मलम दिलं, त्या जागेला कसं चोळायचं ते दाखवलं, अंग सैल सोडायचे व्यायाम दिले. वेळ लागला, पण गेलं हळूहळू. आणि एक गोष्ट त्यांनी दरडावून सांगितली. दुखत असताना दात-ओठ खाऊन सोसायचं नाही. एकदासुद्धा नाही. अंग ते लक्षात ठेवतं."

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. "मग मला का नाही सांगितलंत?"

थोरलीने पदराचं टोक सारखं केलं. "तू विचारलं नाहीस, म्हणून मी बोलले नाही. मला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून तुला सांगायचं सुचलं नाही. या घरात दिवसभर गाद्यांबद्दल बोलतात गं. गादीवर काय होतं त्याबद्दल अळीमिळी गुपचिळी."

"गंमत सांगू?" धाकटीचा आवाज अगदी खाली गेला. "पोटात बाळ होतं तेव्हा उलटं होतं. पहिल्या महिन्यांत थोडं रक्त गेलं म्हणून डॉक्टरांनी जपायला सांगितलं. पुढे सगळं ठीक झालं, आता हरकत नाही म्हणाल्या. पण हा घाबरायचा. बाळाला लागेल म्हणायचा."

"बाळाला कसलं लागतंय! ते आत पाण्यात मजेत असतं."

"तेच डॉक्टर म्हणाल्या. पण हा भिंतीकडे तोंड करून झोपायचा. आणि मला... मला तेव्हा हवंसं वाटायचं हो वहिनी. एरवीपेक्षा जास्त. मला वाटायचं, एवढं पोट घेऊन हे काय सुचतंय, माझंच काहीतरी बिघडलंय. आणि त्याला मी आवडेनाशी झालेय. तेव्हा मी बोलले नाही. आता तो बोलत नाही."

थोरली उठली, खिडकीपाशी गेली. समोरच्या गच्चीवर कोणाच्या तरी उशा उन्हात पडल्या होत्या. तिने मनातल्या मनात हिशेब केला. धाकटा थांबला, की थोरला जाणार. वर्षभर. घरात कोणाला त्याची पोकळी जाणवो न जाणवो, तिला जाणवणार होती. तिने आता काही केलं नाही, तर हे आपोआप टळत होतं. गप्प बसायचंच तर होतं.

"खाली चल," ती वळून म्हणाली. "गादी उभी करायची वेळ झाली. मी सगळ्यांना बाहेर काढते. तू त्याला सांग."

"तोंडावर? मला नाही जमणार."

"तोंडावर कुठे? मध्ये गादी आहे ना."

*

धाकट्याला त्या दिवसाबद्दल पुढे जे आठवायचं, त्यात पहिलं असायचं ते नव्या खोळीच्या कोऱ्या कापडाचा वास. त्याचं नाक गादीला जवळजवळ टेकलं होतं. बाबांना एकही गाठ सापडली नव्हती. ते चहाला गेले होते, ते थोरलीने बळंच पाठवलं म्हणून. आत्यालाही तिने पोरांचा अभ्यास घ्यायला बसवलं होतं, आणि अभ्यास म्हटल्यावर आत्याला दुसरं काही सुचत नसे. कारखान्यात फक्त ते दोघं उरले, असं त्याला वाटलं. गासड्यांपलीकडे आई दोऱ्याला मेण लावत बसली होती. पण आईचं असणं या घरात कोणाच्या ध्यानात येत नसे.

दाभण आलं. त्याने ओढलं. चार बोटं सोडून परत पाठवलं. पुन्हा आलं. मागच्या दोन्ही खेपांना त्यांनी ही गादी अशीच, शब्द न बोलता शिवली होती.

तिने आजकाल त्याच्याकडे सरळ बघणं सोडलं होतं. तो आत आला, की ती बाळाला उचलून घ्यायची. त्याने हात पुढे केला, की तिचा खांदा आत जायचा. हे त्याने खूप दिवस पाहिलं आणि मग एका सभ्य माणसाने करावं ते करायचं ठरवलं. तिला नको आहोत, तर डोळ्यांसमोर राहू नये. त्याला यात राग नव्हता. दुःख होतं, पण ते त्याने कापसाखाली दाबून ठेवलं होतं.

"तू जाऊ नकोस," गादीपलीकडून आवाज आला.

त्याचा हात दाभणावर तसाच राहिला.

"दाभण परत पाठव."

"काय म्हणालीस?"

"आधी परत पाठव. हात रिकामा राहिला तर मला बोलता येणार नाही."

त्याने पाठवलं. तिने ओढलं, आणि टाक्याटाक्यात ती बोलू लागली. टाके. ताठ झालेली जागा. त्या दोन वेळा. ओठ चावणं. अंग आपोआप आक्रसणं. तिने एकही गोष्ट गाळली नाही आणि एकदाही आवाज चढवला नाही. तो दाभण ओढत होता, पाठवत होता, आणि त्याला समोर फक्त कापडाच्या निळ्या रेघा दिसत होत्या.

"तू हात लावलास की मी आत जाते, ते तुझ्यामुळे नाही," ती म्हणाली. "दुखेल या भीतीने. तू मला नकोसा झालेला नाहीस. उलट."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू गासडीवर झोपायला गेलास. तुला माझी किळस आली असं वाटलं मला. पोट असं सुटलंय, अंगाला दुधाचा वास..."

"किळस?" तो जवळजवळ ओरडला. मग आवाज खाली आणला. "मी गेलो, कारण तू पलंगाच्या अगदी कडेला झोपायचीस. मला भीती वाटायची, एक दिवस पडशील. तुला जागा मिळावी म्हणून गेलो."

दाभण परत आलं.

"आणि पोटात होतं तेव्हा?" तिने विचारलं. "भिंतीकडे तोंड करून झोपायचास ते?"

"तुझ्याकडे तोंड केलं, तर राहवणार नाही म्हणून," तो म्हणाला, आणि गादी मध्ये असूनही त्याचे कान तापले.

ती हसली. कितीतरी दिवसांनी त्याने ते हसू ऐकलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि दाभण भलत्याच जागी घुसलं.

"मी पलीकडे येऊ?"

"ओळ पुरी कर आधी," ती म्हणाली. "आणि उद्या डॉक्टरांकडे माझ्याबरोबर चल. आईंना नाही न्यायचं."

गासड्यांपलीकडे मेणाचा खडा आईंच्या हातातून खाली पडला. त्यांनी तो उचलला नाही.

*

सगळे जेवायला खालीच बसले. उभ्या गादीसमोर, सतरंजीवर. बाबांची नजर ताटात कमी आणि गादीवर जास्त होती.

"शेवटची ओळ वाकडी गेली," ते म्हणाले.

"उसवा," आत्या म्हणाली. "लक्ष नसलं की असं होतं. आणि तू रे, तुझं जायचं कधी?"

"मी जात नाही, आत्या."

"म्हणजे? दुपारी जातो, संध्याकाळी जात नाही? हा काय पोरखेळ आहे?"

"आम्ही जाऊ," थोरली म्हणाली. तिचा नवरा नुकताच परत आला होता. त्याने घास तोंडात तसाच धरून तिच्याकडे पाहिलं. "दोघंही. पोरांना घेऊन. तिकडे शाळा आहेतच. ह्यांना मी एकट्याला पाठवणार नाही, आणि आमची गादीही इथे ठेवणार नाही."

थोरल्याने घास गिळला. त्याला काही विचारावंसं वाटलं नाही. बायकोने सगळ्यांसमोर असं म्हटलेलं त्याला आवडलं होतं.

आत्याचा मात्र तोल गेला. "ह्या दोघांचं बिनसलंय आणि घर दुसऱ्यांनी हलवायचं! अगं, बाळंतपण काय जगात तुलाच झालंय?" हे धाकटीला. "ह्या तुझ्या सासूकडे बघ. मांडीवर मूल, आणि रात्र रात्र इथे खाली बसून टाके घालायची. कुरकुर नाही, नखरे नाहीत. हा कारखाना तिच्या दाभणावर उभा राहिलाय."

"खरं आहे," बाबा अभिमानाने म्हणाले. ही गोष्ट त्यांची लाडकी होती. गादी घ्यायला आलेलं एकही गिऱ्हाईक ती ऐकल्याशिवाय परत जात नसे. "माझा डोळा लागायचा, ही खाली कामात. मी कितीदा म्हटलं, पुरे. पण हिला कामाचं वेडच."

आईंनी ताटावर हात झटकला. "वन्सं, मी कामासाठी येत नव्हते खाली."

कोणाला नीट ऐकू गेलं नाही, किंवा ऐकू जाऊन कळलं नाही.

"मला दुखायचं," आई म्हणाल्या. त्यांचा आवाज एरवी भाजीला मीठ कमी आहे असं सांगताना असतो तसाच होता. "धाकटीला दुखतं तसंच. ह्यांना सांगायची लाज वाटायची. म्हणून काम आहे म्हणायचे. कधी संपणार नाही एवढं काम मागून घ्यायचे आणि हे झोपले की वर जायचे."

धाकटीने मान वर केली. थोरलीने पोरांना हळूच उठवलं आणि हात धुवायला पिटाळलं.

"दवाखान्यात त्या डॉक्टरांनी तुला विचारलं," आई धाकटीकडे वळल्या, "तेव्हा उत्तरं मी दिली. मला वाटलं, मी तुझी लाज राखतेय. तुला बोलूच दिलं नाही. चुकलं माझं."

"आई, असं काय..."

"असंच आहे. उद्या दोघं जा. बाळाला मी बघते."

आत्याने बोलायला तोंड उघडलं. झाकली मूठ वगैरे काहीतरी तिच्या ओठांवर आलं असावं, पण ते तिथेच विरलं. "म्हणजे मी शाळेत मुलींना तुझं उदाहरण द्यायचे," ती शेवटी म्हणाली, "ते..."

"ते चुकीचं होतं, वन्सं," आई म्हणाल्या. "आता काय, मुलींची लग्नंही झाली असतील." मग त्यांनीच आत्याच्या ताटात पोळी वाढली, कारण आत्या एकदम फार म्हातारी दिसायला लागली होती.

बाबांचा हात ताटातच होता. त्यांनी बायकोकडे पाहिलं, मग गादीकडे, मग पुन्हा बायकोकडे.

"किती वर्षं?"

"थोरल्यानंतर बरीच. धाकट्यानंतर तर सवयच लागली खाली बसायची."

"मला वाटायचं, तुला माझ्यापेक्षा काम आवडतं," बाबा म्हणाले. मुलं-सुना समोर बसल्यात याचं त्यांना भान नव्हतं. "रागावलो नाही मी कधी. अभिमान धरला. दुसरं काय धरणार?"

"अभिमान धरलात तेही बरंच झालं. गाद्या तर चांगल्या झाल्या ना."

"विचारायला हवं होतं मी."

आईंनी पोळ्यांचा डबा बंद केला. बाबांना मात्र एकाएकी काहीतरी आठवल्यासारखं झालं आणि त्यांनी अगदी हळू, बायकोला तेवढं ऐकू जाईल असं विचारलं, "अजून दुखतं का गं?"

"इश्श! या वयात काय विचारता," आई म्हणाल्या, आणि ताटं गोळा करायला उठल्या. पण कान कोणाचेच बंद नव्हते, आणि त्या हसल्या हेही सगळ्यांनी पाहिलं.

वाकड्या ओळीबद्दल कोणी पुन्हा विषय काढला नाही. ती गादी तशीच वर गेली.

*

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "काय त्रास होतोय?" आणि धाकटा सवयीने म्हणाला, "काही नाही, तिला जरा..." मग त्याने जीभ चावली, खुर्ची थोडी मागे सरकवली आणि गप्प बसला. धाकटी बोलली. बराच वेळ बोलली. डॉक्टरांनी तपासलं आणि थोरलीने सांगितलं होतं जवळपास तेच सांगितलं. जागा ताठ झाली आहे, पाजत असल्याने कोरडेपणा आहे, अंग भीतीने आवळतं आहे. मलम, व्यायाम, वेळ. तोवर जवळ येण्याच्या दुसऱ्या शंभर तऱ्हा असतात, त्या बंद करायचं कारण नाही, असंही म्हणाल्या. यावर दोघांनीही समोरच्या भिंतीवरच्या बाळाच्या चित्राकडे फार लक्ष देऊन पाहिलं.

"हे आधी का नाही सांगितलंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुम्ही विचारलं होतंत," धाकटी म्हणाली. "बोलायची पाळी सासूबाईंची होती."

घरी परतताना त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा थोडा आत गेला. त्याने हात काढून घेतला नाही, दाबलाही नाही, नुसता राहू दिला. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत येता येता खांदा परत जागेवर आला.

ते शटरपाशी पोचले तेव्हा आत गिऱ्हाईक होतं. नवं लग्न झालेलं जोडपं आणि मुलीचे वडील. आई आतल्या बाजूला घोडीला टेकवलेली, कोणाची तरी गादी एकटीने शिवत होत्या. बाबा मापाची फीत गळ्यात घालून उभे होते, आणि त्यांची गोष्ट सुरू झाली होती.

"हा कारखाना बरं का, हिच्या दाभणावर उभा राहिलाय. मांडीवर मूल, आणि ही रात्र रात्र इथे बसून टाके घालायची. आणि..."

बाबा अडखळले. आईंचं दाभण गादीत अर्धं शिरून थांबलं. दारात धाकटा आणि धाकटी थांबले.

"आणि तुम्ही?" मुलीच्या वडिलांनी आपलं विचारायचं म्हणून विचारलं.

"मी वर झोपलेला असायचो," बाबा म्हणाले. "ही एकटी होती. दोन माणसांचं काम आहे हे, एकाने घालायचं, दुसऱ्याने ओढायचं. ही टाक्याटाक्याला गादीभोवती फिरायची, इकडून तिकडे, तिकडून इकडे. एवढी वर्षं फिरली, आणि मी गिऱ्हाइकांना सांगत राहिलो, की हिला कामाचं वेड आहे."

मुलीच्या वडिलांनी मान हलवली. बाबांनी गळ्यातली फीत काढली, धाकट्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "ह्यांचं माप घे."

मग ते गादीला वळसा घालून पलीकडे गेले. गुडघे धरत, कुरकुरत, खाली बसले. आईंना आता त्यांचं तोंड दिसत नव्हतं.

"पाठव," ते म्हणाले.